रानवाटेची वर्गणी

सिएटल शहरापासून उत्तरेस सुमारे नव्वद मैल गेले की कॅनडाची सरहद्द लागण्यापूर्वी बेलिंगहॅम हे गाव येते. गाव म्हणायचे ते आपल्या सवयीने; 2020 च्या शिरगणतीत तेथील वस्ती 91 हजारांवर गेली होती. पश्चिमेस खाडी, पूर्वेस डोंगर, आणि आकाश निरभ्र असेल तर त्या डोंगरांच्याही पलीकडे बारमाही हिम माथ्यावर घेऊन उभा असलेला बेकर पर्वत. 1792 साली कप्तान व्हँकुव्हरच्या गलबतावरील बेकर नामक लेफ्टनंटच्या दृष्टीस तो पडला म्हणून त्याचे नाव पर्वताला चिकटले. मूळच्या लोकांची नावे अर्थातच त्याहून पुष्कळ जुनी. त्यांपैकी ‘कुलशान’ हे अद्यापही गावात कानांवर येते.

आमच्या भाचीचे बिऱ्हाड तेथे असल्यामुळे आम्हांस तीन आठवड्यांचा मुक्काम घडला. अमेरिकेत पाहुण्यास काय दाखवावे याचे ठराविक नियम आहेत. परंतु भाचीने धबधबाही सांगितला नाही आणि बाजारही सांगितला नाही. “मामा, उद्या गॅलब्रेथवर जाऊ. तुम्ही पायी या, मी सायकल घेते,” एवढेच म्हणाली.

गॅलब्रेथ हा गावाच्या आग्नेय कडेचा डोंगर. एका अंगास व्हॉटकॉम सरोवर, ज्याचे पाणी सारे गाव पिते, आणि दुसऱ्या अंगास पॅडन नावाचे लहान तळे. डोंगरभर उंचच उंच डग्लस फर, त्यांच्या सावलीत कमरेएवढे नेचे, आणि ओलसर पालापाचोळ्यावरून संथपणे निघालेली, केळ्यासारखी पिवळी, बिनशंखाची गोगलगाय. या रानातून साठ मैलांहून अधिक लांबीच्या वाटा काढलेल्या आहेत, आणि त्या मुख्यतः डोंगरी सायकलींसाठी. जाड टायरांच्या या सायकलींचे वेड 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याच्या उतारांवर जन्मले व तेथून जगभर गेले. बेलिंगहॅममध्ये त्याने घर केले आहे. वाटांची नावेही मोठी मिस्किल. एकीचे नाव ‘अनएम्प्लॉयमेंट लाइन’, म्हणजे बेकारांची रांग!

आम्हांस नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हा डोंगर सरकारी नव्हे. लाकडासाठी राखलेले ते खाजगी रान आहे. मालक बदलत गेले, झाडे वाढत व पडत गेली, आणि 1980 च्या दशकापासून गावातील हौशी मंडळी मालकांच्या सहनशीलतेवर विसंबून तेथे वाटा काढीत राहिली. उद्या मालकाने फाटक लावले तर दाद मागायला जागा नव्हती. ही टांगती तलवार 2018 साली उतरली. नगरपालिकेने पंचवीस लाखांहून अधिक डॉलर मोजून सुमारे 2,240 एकरांवर लोकांच्या वहिवाटीचा कायमचा हक्क विकत घेतला, आणि तेथील भूमि-न्यासानेही करारात आपला वाटा उचलला. जमीन मालकाचीच राहिली, लाकूड तोडण्याचा अधिकारही त्याचाच. लोकांना मिळाला तो जाण्यायेण्याचा हक्क. हक्क मिळाला, तरी वाटा नीट राखण्याचे काम काही आपोआप होत नाही.

ते काम कसे चालते हे भाचीने चढणीवर थांबत थांबत समजावले. रानवाटेचा खरा वैरी पाणी. हिवाळाभर तेथे झिमझिम चालू असते. पाण्याला वाटेवरूनच उतरण्याची सवय लागली की दोन हंगामांत वाटेची घळ होते. म्हणून वरचा कुजका पालापाचोळा खरवडून खालच्या घट्ट मातीपर्यंत जायचे, वाटेला दरीच्या बाजूस किंचित कल द्यायचा, आणि उतारावर मधूनमधून छोटासा चढ ठेवायचा, म्हणजे पाणी तेथे अडून बाजूला वाहून जाते. वळणावर मातीचा बांध चेपून बसवावा लागतो. कामाला एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळीचे पाते असलेले ‘पुलास्की’ नावाचे हत्यार असते. 1910 च्या महावणव्यात आपल्या माणसांचे प्राण वाचविणाऱ्या वनरक्षकाचे ते नाव. हे सारे खणणारे लोक बहुतांशी बिनपगारी असतात. परंतु हत्यारे, पुलांचे लाकूड, गाडीभर खडी, विमा आणि यंत्र चालविणाऱ्या जाणकाराची मजुरी यांना पैसा लागतोच. व्हॉटकॉम माउंटन बाइक कोअलिशन ही तेथील संस्था सभासदांच्या वर्गणीवर व देणग्यांवर हा भार वाहते.

येथे चित्रकार येतात. उत्तम बांधलेली वाट दिसतच नाही. पाणी वाहून गेले, माती राहिली, एवढेच तिचे यश. असल्या अदृश्य कामाला देणगी मागायची तर तोंड कोणाचे दाखवायचे? गावोगावच्या अशा मंडळांनी याला एक उपाय शोधला आहे. गावातल्याच चित्रकाराकडून रानाचे चित्र काढून घ्यायचे व ते सदऱ्यांवर, टोप्यांवर, पेल्यांवर, चिकटपट्ट्यांवर छापून विकायचे. आपल्याकडे वर्गणीची पावती खिळ्याला टोचली जाते. येथे पावती अंगावर घालून हिंडतात, असा प्रकार.

ही चित्रे आम्ही निरखून पाहिली. दोन किंवा तीनच रंग, ठसठशीत रेघा. कारण कलेचे नव्हे, छपाईचे. कापडावर जाळीच्या चौकटीतून रबरी पट्टीने शाई दाबून छापतात. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, आणि प्रत्येक चौकटीगणिक खर्च चढतो. रंग वाढला की वाटेचा वाटा घटतो. तेव्हा चित्रकाराला कोरा कापडी रंग हाच आकाश किंवा धुके म्हणून वापरावा लागतो. त्या तंगीतच काही चित्रे फार सुरेख उतरली होती. एका टोपीवर तर केवळ ती पिवळी गोगलगाय होती, आणि ज्याने ते रान पाहिले आहे त्याला आणखी काही सांगण्याची गरज नव्हती. नाही म्हणायला काही नमुने अगदीच ठोकळेबाज होते: सायकल, तीन डोंगर आणि मागे सूर्य. असले चित्र कोणत्याही गावाचे असू शकते, म्हणून ते या गावाचे नव्हे.

दोन प्रश्न मात्र आमच्या मनात घोळत राहिले. पहिला, चित्रकाराच्या मोबदल्याचा. सत्कार्य आहे म्हणून चित्र फुकट द्या, असे म्हणणे फार सोपे. यंत्रवाल्याला कोणी तसे म्हणत नाही, छापखान्याला म्हणत नाही, कलावंतालाच म्हणतात. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांची मुखपृष्ठे अशीच किती जणांकडून आभारावर काढून घेतली गेली आहेत! चित्रकाराने स्वखुशीने सोडले तर ती त्याची देणगी, पण आधी दाम ठरले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. हा प्रदेश लमी व नूकसॅक लोकांचा. लांबट अंडाकृती व चंद्रकोरीसारख्या रेषांनी मासे-पक्षी घडविणारी या किनाऱ्याची स्वतःची कोरीव चित्रशैली आहे, आणि पाहुण्यांना तीच ‘स्थानिक’ म्हणून हवी असते. ती परक्याने उचलून सदऱ्यावर छापावी काय? ते चित्र त्यांच्याच कलावंताने, त्याच्या अटींवर काढावे, हाच सरळ मार्ग दिसतो. भाचीने यावर लगेच मान डोलावली. तिच्या ओळखीच्या सायकलस्वारांत या विषयावर वादावादी होऊन गेली होती.

उतरताना एका वळणावर रान एकदम संपले आणि उघडा माळ लागला. लाकूडतोड होऊन गेली होती. बुंध्यांचे खुंट, वाळक्या फांद्यांचे ढीग, आणि त्यांमधून हातभर उंचीची नवी रोपे. जुनी वाट तोडीत मोडली होती व तिच्याच अंगाने नवी आखलेली दिसत होती, कडेला लहान लहान फडक्यांच्या खुणा बांधलेल्या. भाचीच्या सदऱ्यावर त्याच वाटेचे चित्र होते, दाट फरच्या सावलीतले. मी विचारले, “आता हे चित्र बदलणार का?” ती म्हणाली, “पुढच्या छपाईला बघू. आधी रविवारी ते पाणी काढायचंय,” आणि खुणेजवळच्या डबक्याकडे बोट दाखवून सायकलीवर बसली.