कॉइल दोन्हीकडून चालते

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा लग्नसराईत दिवसभर वाजणाऱ्या स्पीकरच्या कॉइलचे हाल होतात. कोनच्या साध्या स्पीकरला १०० वॅट दिले, तरी आवाज होऊन बाहेर पडतात जेमतेम एक-दोन वॅट. बाकी सारी उष्णता, आणि ती झेलते तांब्याची बारीक तार. दुरुस्तीवाल्याने कोन उचलला, की मीटर लावण्याआधीच वासावरून कळतं, कॉइल जळाली.

धड स्पीकर तपासायला त्याला दीड व्होल्टचा सेल पुरतो. तारा टेकवल्या की ‘टक्’ होतं आणि कोन पुढे सरकतो. सेल उलटा धरला की मागे. मग सेल काढून त्याच तारा काट्याच्या मीटरला जोडायच्या आणि कोन बोटाने दाबायचा. काटा थरथरतो! चुंबकाच्या फटीत कॉइल हलली की वीज उपजते, हे मायकेल फॅराडेने १८३१ साली दाखवलं होतं. टेबलावरचा स्पीकर तेवढ्यापुरता माईक झालेला असतो. भजनातला डायनॅमिक माईक म्हणजे हीच रचना, आकाराने चिमुकली. गळ्यातून निघालेल्या आवाजाचे तिथे काही मिलिव्होल्ट होतात.

मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला हे सारं कसाला लागतं. भजनात खंजिरी असते. तिची थाप एकदम उसळते आणि एकाच माईकवर घेतली तर गळ्याला खाऊन टाकते. म्हणून जाणता माईकवाला माईक तोंडाजवळ आणतो. अंतर निम्मं झालं की गळा साधारण दुपटीने मिळतो, भोंग्यातून परतणारा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून ॲम्प्लिफायर कमी ठेवता येतो आणि शिट्टी टळते. संकोचून मागे सरणाऱ्याला तो म्हणतो, ‘जवळ या जी, अजून जवळ.’

आवाजाची वीज होताना जे हरवलं, ते पुढचं कितीही मोठं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, भरून देत नाही. या धंद्यात भोंगे मोजणारे पुष्कळ आहेत. कारागिरी खरी माईकच्या जागेत आहे.

गुरुकुंजात पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढा समुदाय गप्प झाला, की एरवी दडलेली ५० हर्ट्झची घरघर लगेच उघडी पडू शकते. बहुतेकदा कारण साधं असतं. अर्थिंग सैल, नाहीतर माईकची वायर लाईटच्या केबलला चिकटून गेलेली. ती आधीच लांबून ओढावी, ओलांडायचीच तर काटकोनात. शिवाय बॅलन्स्ड वायर वापरावी. तिच्या दोन्ही तारांत सारखीच शिरलेली घरघर मशीनपाशी वजा होते.