शेजारच्या प्लॉटमधले गाजरगवत

आमच्या घराच्या पूर्वेला एक मोकळा प्लॉट आहे. त्याचे मालक नोकरीनिमित्त पुण्यास गेले ते तिकडेच स्थायिक झाले. पै पै जोडून प्लॉट घेणारी आमच्या सोसायटीतली मंडळी. विकायला मन होत नाही आणि बांधायला पैसा पुरत नाही. मृगाचा पाऊस झाला की त्या जागेत गाजरगवत उगवते आणि बघता बघता कमरेला लागते. मध्ये वेडी बाभूळ, कडेला घाणेरी. वस्तीतले काही लोक कचऱ्याच्या पिशव्या तेथेच भिरकावतात, आणि "किती घाण वाढली हो" असेही तेच म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या आईंच्या पापण्या, मान आणि कोपराच्या आतली बाजू सुजून लाल झाली. खाजेमुळे रात्ररात्र झोप नाही. आम्ही साबण बदलला, तेल बदलले, कुणी सांगितले म्हणून वांगी बंद केली. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "घराजवळ गाजरगवत आहे का?" हे गवत हाताला लागलेच पाहिजे असे नाही, त्याचे वाऱ्यावर उडणारे कण उघड्या कातडीवर बसले तरी काहींना पुरते. आईंचे अंगणात बसून धान्य निवडणे तेव्हापासून बंद झाले.

हे गवत मूळचे मेक्सिकोकडचे. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगतात, पण तो करार १९५६ सालचा; तेव्हा सारा दोष गव्हावर टाकता येत नाही. एकेका झाडाला हजारोंनी बी धरते, आणि तेच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "भाऊ, गवतच ते. उन्हाळ्यात वाळून जाईल." आम्ही म्हणालो, "साहेब, वाळते तेव्हाच तर बी सांडते." नगरपरिषदेत गेलो तर तेथील कारकुनाने खाजगी जागा म्हणून हात वर केले. तरीही आम्ही लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तोंडी तक्रार कुठेच राहत नाही, हे वाचक भगिनींनी व बांधवांनी ध्यानात ठेवावे. अर्जाची एक प्रत मालकांना पाठवली. तेव्हा कुठे त्यांनी "तुम्हीच साफ करून घ्या" असे मोबाईलवर लिहून कळवले. परक्याच्या जागेत असे लेखी हाती आल्याशिवाय पाऊल टाकू नये. उद्या हद्दीचा वाद निघाला तर पंचाईत. मोठे झाड असेल तर वेगळेच. शहरी भागात १९७५ च्या कायद्याप्रमाणे ते तोडायला परवानगी लागते.

गवत उपटायचे ते पाऊस पडून जमीन ओली असताना, आणि पांढरी फुले येण्याआधी. नुसते कापले तर बुडातून पुन्हा फुटते. फुलावर आलेले उपटले तर ते हलवावे तसे कण उडतात. दगडांच्या ढिगाऱ्यात घोणस निघाली, तेव्हा पोरे काठ्या घेऊन धावली. आम्ही त्यांना आवरले आणि सर्पमित्राला बोलावले. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचे बी टाकले. टाकळा दाट वाढला की गाजरगवताला जागा राहत नाही, आणि कोवळ्या पानांची भाजीही होते. (आमच्या घरी ती मुलांना आवडत नाही, ते सोडा.) मातीत पडलेले जुने बी अजून उगवतेच, पण पहिल्याच्या मानाने बरेच कमी.

कामाला दोन बाया लावल्या होत्या. त्यांना हातमोजे आणि तोंडाला बांधायला फडके दिले. त्यांनी मोजे बाजूला ठेवले. "मोजे घातले की हात चालत नाही बाई," थोरली म्हणाली. रोजावर जाणाऱ्या बाईला ज्या गवताचा सर्वांत जास्त त्रास, त्यासाठी मोजे आजवर तिला कुणी दिलेच नसतील. आईंनी आपल्या कोपरावरचे काळे डाग तिला दाखवले. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग दोघींनीही मोजे चढवले.

मालकांनी मजुरीचे निम्मे पैसे पाठवले. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही यंदा मृगाच्या आधीच फोन करणार आहोत.