वहिनींचे डोळे

आमच्या कुडपणास पावसाळा म्हणजे चार महिन्यांचा अंधार. सह्याद्रीच्या उतरणीवरील हे पोलादपूर तालुक्यातील लहानसे खेडे. ज्येष्ठ सरता सरता धुके डोंगरावरून खाली येते, ते भाद्रपद उलटला तरी अंगण सोडीत नाही. त्या दिवसांत चार हातांवरचा माणूस दिसला नाही तर कोणास नवल वाटत नाही. म्हणूनच की काय, आमच्या थोरल्या वहिनींना दिसेनासे होत चालले आहे ही गोष्ट घरातील मंडळींच्या ध्यानात फार उशिरा आली. आणि आली तेव्हा उपाय सांगण्यास मीच पुढे सरसावलो. तो उपाय कसा अंगाशी आला, हे सांगताना मला संकोच वाटतो. परंतु ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते त्या बहुतेक घरांत एखाद्या वहिनी, एखाद्या काकू आणि माझ्यासारखा एखादा घरगुती विद्वान असतोच, त्यांच्यासाठी सांगतो.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संस्कृत वडिलांपाशी शिकलो, प्राथमिक शाळेत उभे आयुष्य घालविले आणि निवृत्त होऊन घरी बसलो. गावापासून डॉक्टर दूर, पावसात घाटाची वाट बिकट. यामुळे घरातील लहानसहान वैद्यक आपसूकच मजकडे आले. वडिलांच्या फडताळात सुश्रुतसंहितेची जीर्ण प्रत होती. ती मी चाळीत असे, आणि चाळतो हे चारचौघांत दिसावे अशीही व्यवस्था ठेवीत असे.

एके दिवशी जेवताना भातात खडा लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. वहिनींनी तांदूळ निवडावा आणि त्यात खडा राहावा, असे पन्नास वर्षांत घडले नव्हते. मी थट्टा केली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भावोजी, हल्ली दिव्याभोवती कडे दिसते. उजेडात गेले की सगळे दुधाळ होते." मी त्यांना खिडकीशी बसवून पाहिले. बुबुळात करडी छटा स्पष्ट होती. "वहिनी, हा मोतीबिंदू," मी निदान केले. "अजून कच्चा आहे. पिकल्यावाचून काढीत नाहीत. तोवर त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, रोज आवळा खा. कदाचित आपोआप उतरेलही."

वहिनींनी हा उपाय दोन वर्षे एखाद्या व्रतासारखा पाळला. शेजारणीने डॉक्टरांचे नाव काढले तर त्या म्हणत, "आमच्या भावोजींनी सांगितले आहे." मला ते ऐकून बरे वाटे.

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या दिवसांत त्यांची पडवीची पायरी चुकली आणि मनगट मोडले. पुतण्या मुंबईहून आलेला होता. तो त्यांना घेऊन गेला, सोबत मीही गेलो. हात जुळल्यावर डोळे दाखविले. नेत्रतज्ज्ञ बाईंनी यंत्रातून पाहिले आणि विचारले, "आजी, इतके दिवस का थांबलात?" मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणे ही शस्त्रक्रियेच्या जुन्या पद्धतीची गरज होती, आता तो फार पिकला तर भिंग कठीण होते, शस्त्रक्रिया अवघड होते आणि प्रसंगी डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाते, असे त्यांनी समजावून सांगितले. मी मान खाली घातली. वहिनींनी मात्र माझे नाव घेतले नाही. "शेतीभातीत सवड झाली नाही हो," एवढेच त्या म्हणाल्या. आयुष्यात अनेकांनी माझा मान राखला. इतका जड मान कोणी राखला नव्हता.

आलोच होतो म्हणून मीही डोळे दाखविले. काही महिन्यांपासून नातवाची गणिताची चौकटीची वही तपासताना मधल्या रेघा वाकलेल्या दिसत. वहीच वाईट छापली आहे असे मी ठरविले होते. बाईंनी सांगितले की दोष वहीचा नसून डोळ्याच्या पडद्याचा आहे. पडद्याच्या मध्यभागी जो पीतबिंदू असतो, ज्याच्या बळावर आपण वाचतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो, त्याची उतारवयात झीज होते. माझी मध्यम अवस्थेपर्यंत आली होती. "विडी ओढता का?" त्यांनी विचारले. शाळेच्या मधल्या सुट्टीत लागलेली ती सवय मी अजून सोडली नव्हती.

घरी परतल्यावर मी प्रथम तेच जुने पुस्तक उघडले, आणि लाज वाटली. सुश्रुताने उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 रोग सांगितले आहेत. तिमिरावर हितकर म्हणून जुने तूप, त्रिफळा, शतावरी, पडवळ, मूग, आवळा, जव, तसेच तांदुळजा आणि चाकवत अशा भाज्याही सांगितल्या आहेत. तेवढे मी वाचले होते. परंतु लिंगनाश, म्हणजे आपला मोतीबिंदू, सांगताना तोच आचार्य शलाका हाती घेतो आणि गढूळ झालेला भाग शस्त्राने दृष्टीच्या वाटेतून बाजूस सारतो. आहार आपल्या जागी आणि शस्त्र आपल्या जागी, हा विवेक त्या प्राचीन वैद्यापाशी होता. मी सोयीचे तेवढे पान वाचून थांबलो होतो. पुढे 1747 मध्ये फ्रान्समधील दाविएल याने गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत पाडली आणि 1949 मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड रिडली याने त्या जागी कृत्रिम भिंग बसविले. वहिनींच्या डोळ्यात आज जे भिंग आहे ते त्याच परंपरेतले.

मग आहाराचा उपयोग तो काय? हे मी पुतण्याच्या मदतीने आणि त्या बाईंना विचारून समजून घेतले. डोळ्याचे भिंग ज्या प्रथिनांचे बनलेले असते ती जन्मभर बहुतांशी तीच राहतात. ऊन, धूर, मधुमेह आणि वय यांचा मारा सोसून ती हळूहळू गढूळ होतात. एकादशीचा साबुदाणा शिजताना पांढऱ्याचा पारदर्शक होतो. भिंगाचे नेमके उलट होते. आणि शिजलेला साबुदाणा जसा पुन्हा कोरडा दाणा होत नाही, तसे गढूळलेले भिंग कोणत्याही पथ्याने पुन्हा निर्मळ होत नाही. आहाराने काही साधेल तर ते आधी, नंतर नव्हे. या माऱ्यापासून बचाव करणाऱ्या द्रव्यांत क जीवनसत्त्व प्रमुख असून डोळ्यातील पाण्यात त्याचे प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट असते.

आपल्याच देशात साठीपुढील माणसांची यासंबंधी मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरेकडील भागात चारांपैकी जवळजवळ तिघांत आणि दक्षिणेकडील भागात निम्म्याच्या आसपास वृद्धांत क जीवनसत्त्वाची उणीव आढळली. ज्यांच्या रक्तात ते अधिक, त्यांच्यात मोतीबिंदूचे प्रमाण कमी. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, केवळ संबंध दिसतो, हे खरे. पण ही उणीव कोणांत अधिक होती? गरिबांत, तंबाखू सेवन करणाऱ्यांत, आणि लाकूड व शेणीवर स्वयंपाक होणाऱ्या घरांत. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या घरात धूर दोघांच्या वाट्याला आला होता. वहिनींच्या वाट्याला नाइलाजाचा, माझ्या वाट्याला हौसेचा.

पीतबिंदूची गोष्ट थोडी निराळी. त्याला पिवळेपणा येतो तो ल्यूटीन आणि झिअॅक्झॅन्थिन या रंगद्रव्यांमुळे. ही शरीर स्वतः बनवीत नाही. हिरव्या पाल्यातून ती घ्यावी लागतात. अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्रसंस्थेने 2001 मध्ये असे दाखविले की क व ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या ठराविक मात्रेने मध्यम झिजेचे रोगी पुढील पाच वर्षांत गंभीर अवस्थेस जाण्याचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी होतो. मोतीबिंदूवर मात्र त्याच मात्रेचा काही परिणाम दिसला नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत बीटा कॅरोटीनने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे आढळले होते, म्हणून 2013 च्या दुसऱ्या प्रयोगानंतर त्याच्या जागी ल्यूटीन व झिअॅक्झॅन्थिन आले. तेव्हा अशी गोळी ज्याने त्याने दुकानातून आणून घेण्याची नव्हे. डॉक्टरांनी डोळा पाहून द्यावयाची आहे. मला ती दिली आहे. गेलेले परत येणार नाही, आहे ते टिकावे एवढ्यासाठी.

वहिनींची शस्त्रक्रिया सुखरूप झाली. महिन्याने दुसराही डोळा झाला. कुडपणास परत आल्यावर त्या सवयीने थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि दारातच थबकल्या. "सूनबाई, ही भिंत एवढी काळी केव्हा झाली?" त्यांनी विचारले. कोणास उत्तर सुचेना. ती भिंत वर्षानुवर्षे तशीच होती. गॅसची शेगडी ओट्यावर होती, पण भाकऱ्या, आंघोळीचे पाणी आणि सणाचा स्वयंपाक चुलीवरच होई, आणि चुलीपुढे वहिनी बसत. त्यांना भिंत दिसत नव्हती ती डोळ्यांमुळे. आम्हांस का दिसली नाही?

त्यानंतर मी ताटांकडे पाहू लागलो. घरात पालेभाजी होत नसे असे नाही. पावसाळ्यात रानातून टाकळा, कुर्डू, भारंगी येते; परसात शेवगा आहे. परंतु ती भाजी प्रथम पुरुषांच्या पंक्तीला, मग मुलांना, आणि शेवटी बसणाऱ्यांना पातेल्याच्या तळाशी राहील तेवढी. वहिनी सर्वांच्या शेवटी बसत. दात गेल्यापासून "मला चावत नाही" म्हणून मऊ भात आणि आमटी एवढ्यावरच उठत. श्रावणात शाकव्रत, वर एकादश्या. व्रताचे शास्त्र मीच त्यांना समजावून दिले होते. त्यांचे ताट मी कधी पाहिले नव्हते. पानात आवळा वाढा म्हणून सांगणे सोपे. पान कोणाचे रिकामे राहते हे पाहणे अवघड.

आता आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या आहेत. चूल पडवीबाहेरील छपरीत गेली. पालेभाजी शिजविण्यापूर्वीच वृद्धांचा वाटा मनात धरून घेतली जाते. ती बारीक चिरून, झाकण ठेवून, थोड्या वेळात शिजवितात, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. आणि फोडणी तेलाची असते, कारण पाल्यातील रंगद्रव्ये स्निग्धाबरोबर चांगली मुरतात. लिंबू भांडे उतरविल्यावर पिळतात. श्रावणात शाक नको तर पेरू चालतो, आणि पेरूत संत्र्याहून क जीवनसत्त्व कितीतरी अधिक असते. रक्त पातळ करणारे औषध ज्यांना चालू आहे त्यांनी मात्र पालेभाजी एकाएकी वाढविण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. विडी मी सोडली. दर रविवारी नातवाची चौकटीची वही घेऊन एक एक डोळा झाकून रेघा पाहतो. त्या अधिक वाकल्या तर त्याच दिवशी निघावयाचे, असे ठरविले आहे.

आणि पंक्तीचा क्रम बदलला. प्रथम सूनबाई म्हणाली, "मामंजी, सासूबाईंना आमच्याबरोबर बसायचा संकोच वाटतो." म्हणून मीच एके दिवशी वहिनींचे पान माझ्या शेजारी मांडले आणि त्या बसेपर्यंत भाताला हात लावला नाही. त्या बसल्या. माझ्या पानाकडे नीट पाहून म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या भातात खडा आहे," आणि तो त्यांनी स्वतः वेचून बाहेर काढला.