पोरगा व्हायचे सहा तास

उंदराचा गर्भ साडेदहा दिवसांचा होईपर्यंत नर कोण, मादी कोण हे आतल्या जननग्रंथीवरून सांगता येत नाही. दोघांची ग्रंथी सारखीच. मग वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक जागं होतं, त्याचं प्रोटीन सॉक्स-9 ला उठवतं, त्यातून सर्टोली पेशी घडतात आणि त्यांच्याभोवती वृषण बांधलं जातं. दोनेक दिवसांत एसआरवाय गप्प. त्यातही खरी कामाची वेळ जेमतेम सहा तासांची. ती हुकली, तर वाय असूनही अंडाशय होऊ शकतं. उलटंही होतं: 1991 मध्ये लंडनमध्ये दोन एक्स असलेल्या उंदराच्या गर्भात हे जनुक घातलं आणि नर जन्माला आला. फक्त त्याला पिल्लं होणार नव्हती.

एमएस्सीला हे वाचताना माझ्या डोक्यात उंदीर कमी आणि काकू जास्त होती. तिला तीन मुली. आमचा जिल्हा बीड. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली. तिने काय काय ऐकलं असेल, तुम्हीच समजून घ्या. "वाय बापाकडून येतो" हे मी बारावीतच घरात सांगितलं होतं. काका काही न बोलता शेतात निघून गेले.

मला सगळ्यात आवडतो तो 2011 चा प्रयोग. प्रौढ नराच्या सर्टोली पेशींतून डीएमआरटी-1 हे प्रोटीन काढून टाकलं, तर त्या अंडाशयातल्या पेशींसारख्या व्हायला लागल्या. म्हणजे मोठेपणीही कुणीतरी रोज राखण करत बसलेलं असतं, ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून करतात तशी. मिशीला पीळ देणाऱ्यांना हे सांगायची सोय नाही.

माणसाचं वेळापत्रक वेगळं, गुंतागुंत जास्त. पण माजलगाव तालुक्यातले ललित साळवे आठवा. पोलिसात भरती झाले ते महिला शिपाई म्हणून. पुढे तपासणीत वाय गुणसूत्र निघालं. शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तर प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, 2020 मध्ये लग्न, 2024 मध्ये मुलगा.

ती शेवटची बातमी मी काकूला मोबाइलवर वाचून दाखवली. 'मुलगा' या शब्दावर ती थांबेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "बाळंतीण कशी हाय, ते लिव्हलंय का?"