चैत्रांगण आणि ठिपक्यांची वही

चैत्र लागला की आमच्या आया आणि काकवा अंगणाचा एक कोपरा ताब्यात घ्यायच्या. शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसायची ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. तो महिनाभर सडा, सारवण आणि वर चैत्रांगण. शहाबादी फरशी असली तर आधी गेरूचा हात फिरायचा. मधोमध गौर, वर आंब्याचं तोरण, दोन्ही अंगांना सूर्य-चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, तुळशीवृंदावन, नाग, हत्ती, कासव, फणी-करंडा. चिन्हं ५१ हवीत असं ऐकत आलो, पण अंगण केवढं आणि पाण्याचा नळ कधी जाणार यावर किती व्हायची ते ठरायचं.

शिकवणी अशी नव्हती. मोठी बाई काढत असताना शेजारी उकिडवं बसायचं आणि तिच्या बोटांकडे बघायचं. शिरगोळ्याच्या दगडाची पांढरी भुकटी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडायची, मनगट जमिनीला टेकवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे थांबायचं नाही. हात अडखळला की तिथे रांगोळीचा ढीग पडतो. कोकणातल्या मावशीकडे भाताच्या तुसाची राख असायची, ती बोटांतून वेगळी सुटे. लहानांच्या वाट्याला आधी गोपद्मं येत, मग कासव. नागाला हात लावायला बरीच वर्षं जात, कारण त्याची रेघ एका दमात जावी लागते. गौर मात्र आईच काढी.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका आंब्याची डाळ आणि पन्हं हातात घेण्याआधी अंगणात थबकत. हत्तीची सोंड आखूड झाली आहे, कमळ छान उमललंय, असं स्पष्ट सांगत. इतके जाणते प्रेक्षक फार थोड्या चित्रकारांना मिळाले असतील.

ठिपक्यांच्या रांगोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या वहीत मावत. गणिताच्या चौकडीच्या वहीत ‘१५ ते ८’ असं वर लिहून आम्ही त्या उतरवून घेतल्या, मैत्रिणींच्या वह्या रात्रभरासाठी आणल्या. कागदाला उदबत्तीनं भोकं पाडून ठिपक्यांचा कागद घरीच तयार होई. ठिपके मोजता येतात, म्हणून त्या रांगोळ्या टिकल्या. चैत्रांगणाला ठिपके नाहीत. ते कुणाच्याच वहीत गेलं नाही.

याच सुमारास देशात दुसरीकडे जमिनीवरच्या आणि भिंतीवरच्या रेषा कागदावर चढत होत्या. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळानं भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. भिंतीवर कोहबर आणि जमिनीवर अरिपन काढणाऱ्या तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला, चित्रं विकून चार पैसे मिळावेत म्हणून. जितवारपूरच्या सीता देवींना पुढे, १९८१ साली, पद्मश्री मिळाली. कुलकर्णी वारल्यांच्या पाड्यांवरही पोचले. तिथे लग्नाचा चौक काढणं सवाष्णींचं काम. कागदावर मात्र गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव झालं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

आमच्या आयांकडे कुणी कागद घेऊन आलं नाही. मला याचं वाईट वाटतं. आईच्या रेषेत कमावलेला तोल होता, आणि त्यातलं एकही चित्र आमच्याकडे नाही. कॅमेऱ्यातला रोल लग्न-मुंजींसाठी राखून ठेवलेला असे. अंगणाचा फोटो काढावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. सकाळचं चैत्रांगण संध्याकाळपर्यंत पावलांखाली जायचं आणि आई दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला बसायची.

मग फ्लॅट आले. दाराबाहेर दीड फूट लादी, तिच्यावर चपलांचं कपाट. छापाच्या जाळ्या आल्या, चिकटवायच्या रांगोळ्या आल्या. तरी आम्ही बहिणी चैत्रात बसतो. एक गॅलरीत काढते, एक काळ्या कागदावर, धाकटी परदेशात पाटावर. फोटो एकमेकींना पाठवले की वाद ठरलेला. नागाचं तोंड गौरीकडे की बाहेर? कासव खाली मधोमध की उजव्या कोपऱ्यात? आत्याला विचारलं, तर तिनं तिसरंच सांगितलं. यंदा धाकटीच्या मुलीनं दोन कासवं काढली आहेत, आणि ती एकही पुसायला तयार नाही.