न झालेल्या गोलाचा हिशेब

आमच्या घरात सध्या एका प्रश्नाने सर्वांची झोप उडविली आहे, आणि तो प्रश्न विवाहाचा नाही की वाटणीचाही नाही. माझ्या पुतण्याची कन्या, वय वर्षे सतरा, हॉकी खेळते, बचावफळीत खेळते, आणि दूरच्या शहरातील एका व्यावसायिक संघाने तिला यंदाच आपल्या शिबिरात राहावयास बोलाविले आहे. राहणे, जेवणखाण आणि शिवाय दरमहा काही वेतन. मात्र बारावीचे वर्ष त्यात वाहून जाणार. पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही शाळेच्या मैदानावर पंचवीस वर्षे शिटी वाजविली, तुम्हीच सांगा, पोर तयार झाली आहे की नाही." हा निर्णय दिसतो तितका सोपा नाही, आणि का नाही हे सुज्ञ वाचकांपुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आघाडीच्या खेळाडूची परीक्षा कोणालाही करता येते. गोल मोजावे, म्हणजे झाले. बचाव करणाराचे तसे नाही. माझे धाकटे बंधू तिचे तीन सामने पाहून आले आणि म्हणाले, "दादा, पोरीने एकही गोल केला नाही, मग हिला बोलावतात तरी कशाला?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण जगही असेच मोजते. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाने पाच सामन्यांत एकोणतीस गोल केले. त्यांपैकी चौदा एकट्या ध्यानचंदांचे, आणि त्यांचे नाव शाळकरी पोरेही जाणतात. पण त्याच पाच सामन्यांत आपल्यावर एकही गोल झाला नाही, ही गोष्ट किती जणांच्या स्मरणात आहे? त्या वेळी गोलरक्षणास उभा असलेला रिचर्ड ॲलन जन्माने नागपूरचा, म्हणजे आमच्या भंडाऱ्याहून अवघ्या साठ किलोमीटरांवरचा. परंतु त्याचे नाव येथे कोणास विचारावे तर लोक तोंडाकडे पाहतात.

बाळपणी तर्कसंग्रह घोकताना आम्हांस सात पदार्थ पाठ करावे लागत. द्रव्य, गुण, कर्म इत्यादी सहा झाल्यावर सातवा अभाव. 'नसणे' हाही एक पदार्थ आहे, हे त्या वयात काही केल्या पटत नसे. पुढे मैदानावर पटले. नैयायिकांचे म्हणणे असे की, ज्याचा अभाव सांगावयाचा त्याचे, म्हणजे प्रतियोगीचे, ज्ञान आधी असावे लागते. ज्याला घट ठाऊक नाही, त्याला रिकाम्या जमिनीवर घटाचा अभाव दिसावयाचा नाही. बचावपटूचे गुणही असेच आहेत. जो गोल होणार होता तो ज्याला मनश्चक्षूंपुढे आणता येतो, त्यालाच तो न झाल्याचे श्रेय कोणाचे हे कळते. (आजच्या भाषेत प्रतियोगी म्हणजे स्पर्धक, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.)

४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला. सतराव्या मिनिटाला आपल्या अमित रोहिदास या बचावपटूस लाल कार्ड मिळाले आणि उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे आपले दहाच खेळाडू मैदानात राहिले. आमच्या दिवाणखान्यातील मंडळी चिडून विचारीत होती, "हे पुढे का जात नाहीत?" त्यांना सामना थांबल्यासारखा वाटत होता. मला मात्र तो तेव्हाच सुरू झालासा वाटला. प्रत्येक जण आपली जागा सोडून शेजाऱ्याची अर्धी जागा सांभाळीत होता. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये आपण चार-दोनने जिंकलो.

पुतण्याने वर्तमानपत्रातले एक कात्रण जपून ठेविले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगसाठी खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात पुरुषांमध्ये हरमनप्रीत सिंगला ७८ लाख आणि स्त्रियांमध्ये उदिताला ३२ लाख, ही सर्वांत मोठी बोली. दोघेही बचावफळीचे! पुतण्याला यावरून मुलीचे भवितव्य उजळ दिसते. मी त्यास इतकेच दाखवून दिले की, हरमनप्रीतने त्याच वर्षी पॅरिसला दहा गोल केले होते. पेनल्टी कॉर्नरवरचा त्याचा फटका जगात नावाजलेला. म्हणजे बाजारानेही मोजले ते झालेलेच. दुसरे असे की, उदिता आधी आघाडीत खेळत असे, मागाहून ती मागे आली. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याची आपली वैष्णवी फाळके २०२३ च्या जूनमध्ये ज्युनिअर आशिया चषक जिंकणाऱ्या संघात मधल्या फळीत होती. २०२४ च्या नोव्हेंबरात राजगीरला तिचे नाव बचावपटूंच्या यादीत आले. असल्या उदाहरणांवरून मला वाटते की, बचावाची जागा पुष्कळदा पुढचे जग पाहून आलेल्यास लाभते. गती सतराव्या वर्षी येते. धोका येण्यापूर्वी दिसणे मागाहून येते.

शिवाय आजचा बचाव आमच्या वेळेपेक्षा कठीण झाला आहे. पूर्वी ऑफसाइडचा नियम होता, त्यामुळे शत्रूपक्षाचा खेळाडू आपल्या गोलाशी तळ ठोकून बसू शकत नसे. गेल्या शतकाच्या अखेरीस तो नियम गेला. त्याहीपूर्वी, १९७६ साली, माँट्रिऑलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली, आणि १९२८ पासून कधीही पदकाविना न परतलेला आपला संघ तेथे सातवा आला. आमच्या नातीचे मैदान मुरमाचे. त्यावर चेंडू गचके खात येतो आणि ऐन वेळी उसळतो. तिची काठी त्या उसळीस सरावली आहे. ओल्या हिरवळीवर चेंडू सरळ, जमिनीला चिकटून आणि दीडपट घाईने येतो. तेथे हा सराव उपयोगाचा नाही. उलट थोडा आडवा येतो.

आता तिच्याविषयी. गेल्या हिवाळ्यात मी तिचे तीन सामने पाहिले, तुमसरला एक आणि भंडाऱ्यास दोन, आणि तिन्ही वेळा चेंडूकडे न पाहता केवळ तिच्याकडे पाहिले. हे वाचकांनी एकदा करून पाहावे. पहिली दहा मिनिटे मान दुखते. चुकविली गेली असता ती पंचांकडे हात वर करीत नाही, मैत्रिणीकडे रागाने पाहत नाही. वळते आणि चेंडू व गोल यांच्यामधल्या वाटेवर धावत येते. हा गुण मी पुष्कळ थोरामोठ्यांतही पाहिलेला नाही. चेंडू दुसऱ्या अंगास असताना मात्र ती नकळत तिकडे ओढली जाते आणि आपली बाजू उघडी टाकते. आणि 'डी'मध्ये ती काठी लवकर घालते. समोरच्याला वाट अडवून, मागे सरकत, कडेला न्यावे आणि त्याने चूक करावी याची वाट पाहावी, एवढा धीर अजून नाही. एका सामन्यात यामुळे तीन पेनल्टी कॉर्नर दिले गेले. गावच्या सामन्यात त्याचे काही झाले नाही, कारण फटका मारणारीच कच्ची होती. व्यावसायिक संघांत तशी कच्ची मिळणार नाही.

परंतु या सर्वांहून मला खटकले ते निराळेच. ती बोलत नाही. बचावात मागे उभे राहणाऱ्यास सारे मैदान समोर दिसते. पुढच्यांस पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागच्याने ओरडून सांगावे लागते: डावीकडे ये, तिला सोड, मागे बघ. आमची नात सारे पाहते आणि गप्प राहते, विशेषतः समोर वयाने मोठी मुलगी असली म्हणजे. बारा माणसांच्या घरात वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवू नये, या शिस्तीत ती वाढली, आणि त्याबद्दल आल्यागेल्याने तिचे कौतुकच केले. ती शिस्त मी वाईट म्हणणार नाही. पण मैदानावर ती घरीच ठेवून जावी लागते, आणि सतरा वर्षांची सवय उंबऱ्याशी उतरत नाही. सूनबाईंना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, "काका, तिकडे गेली की शिकेल." शिकेल, हे खरे, पण अनोळखी गावी, अनोळखी भाषेत, पहिल्याच महिन्यात ज्याने निवड केली त्यानेच तिला मुकी ठरविले, तर ते पुसण्यास फार दिवस लागतील.

म्हणून मी माझे मत दिले ते असे: यंदा नाही. परीक्षा द्यावी, आणि ती संपताच उन्हाळ्यात जेथे मिळेल तेथे कृत्रिम हिरवळीवर निदान सहा आठवडे खेळावे. त्याचा खर्च एकत्र घरातून व्हावा. पुढल्या वर्षी बोलावणे येईल याची हमी मला देता येत नाही, हेही मी पुतण्यास स्पष्ट सांगितले. हे ऐकून त्याचा चेहरा उतरला.

नातीने सर्व ऐकून घेतले. मग विचारले, "आबा, तयार झाले हे मला कसे कळेल?" मी म्हणालो, "तू ओरडलीस आणि पुढची मोठी मुलगी मागे वळून न पाहता तू सांगितलेस तिकडे गेली, की मला येऊन सांग." ती म्हणाली, "आणि तुम्ही कुठे उभे राहू नये, ते मी तुम्हाला सांगू का? तुम्ही गोलामागे उभे राहता, तिथून माझे डावीकडचे काहीच दिसत नाही." हे तिने माझ्याशी, पुष्कळ मंडळी बसलेली असताना, बऱ्याच मोठ्याने सांगितले. पुढच्या सामन्यास मी बाजूच्या रेषेकडे खुर्ची टाकणार आहे.