माळ्यावरची 'विक्रांत'

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या घरी माळ्यावर मी आणि खाली सौभाग्यवती असा सामना असतो. परवा तिने फर्मान सोडले, "यंदा त्या पत्र्याच्या पेटीचा निकाल लावाच!" पेटी उघडली, तर जुन्या पंचांगांखाली 'विक्रांत' नांगर टाकून पडलेली!

ती दादाने केली १९७१ च्या डिसेंबरात. तेव्हाच्या औरंगाबादेत आम्हां पोरांचा समुद्र म्हणजे पाणचक्कीचा हौद. पण 'विक्रांत'वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले केल्याच्या बातम्या आल्या आणि दादा लग्नपत्रिका जमवायला लागला. मूळ जहाज सातशे फुटांचे. पंचवीस फुटांस एक इंच, म्हणजे अठ्ठावीस इंच, असा त्याचा चोख हिशेब. खळ आईने शिजवून दिली. धावपट्टीला कागजीपुऱ्याचा जाड, खरखरीत हातकागद. खालच्या मजल्यावरून विमाने वर आणायला काडेपेटीची लिफ्टसुद्धा! मी म्हटले, "आतले कोण बघणार?"

"वैमानिक बघतील," तो म्हणाला.

माझ्याकडे फक्त विमाने कापण्याचे काम. तीही वाकडी कापली म्हणून टपली खाल्ली.

पुढे दादाला नौदलात जायचे होते. चष्म्याने घात केला. खरी 'विक्रांत' १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली आणि मुंबईत तिचे संग्रहालय झाले. "दोघे मिळून बघून येऊ," असे आम्ही दर दिवाळीला म्हणायचो. बेत करण्यात आमचे घराणे पहिल्यापासून तरबेज! २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले. मग वाड्याच्या वाटणीवरून आमची भाषा बिघडली आणि अंगणात भिंत उभी राहिली. २०१४ साली ती भंगारात निघाली, तेव्हा ती बातमी मी एकट्याने वाचली. भिंतीपलीकडे त्यानेही वाचलीच असेल. नव्या 'विक्रांत'चे जलावतरण झाले, ती २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली, तरी आमचे मौन अभंग.

संध्याकाळी विमाने मोजली. सात भरली. वाकडी होती, पण सगळी माझ्या हातची. कितीतरी वेळ हात फोनकडे जाऊन परत येत होता. शेवटी लावला. काय बोलावे ते सुचेना, म्हणून म्हटले, "दादा, 'विक्रांत' सापडली."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "लिफ्ट चालते का बघ."

"नाही चालत."

"ओढू नकोस. फाटेल. डिंक घेऊन येतो."

सौभाग्यवतीने खालून विचारले, "झाला का पेटीचा निकाल?" मी चहा टाकायला सांगितला.